उष्टी वाफ

"कुठंतरी वाफ गळतेय," न्हाणीघरातून कमलाकर वैरागकर म्हणाला आणि अंगावर कढत पाण्याचा आणखी एक तांब्या ओतून घेतला. "मी रोज गिरणीत पोचतो तेव्हा वाफेच्या दाबाचा काटा खाली असतो. बघता बघता आपोआप वर चढतो. वाफेला काय पाय फुटतात?"

दाराबाहेर पद्मजा पंचा घेऊन उभी होती. "फुटत असतील," ती म्हणाली.

"चेष्टा नको. सगळे जोड मेणबत्ती धरून तपासले, ज्योत कुठं हलत नाही. उद्या मुंबईहून वल्लभशेठ येतायत. त्यांच्यासमोर काटा पडला की यंत्र परत, आणि यंत्रामागोमाग आपण. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात जाऊन पुन्हा हातोडा धरायचा. फोरमनने तर निरोपाच्या दिवशीच सांगितलं होतं, वैरागकर, तुझी जागा मी एवढ्यात भरत नाही."

त्याची काळजी खोटी नव्हती. रेल्वेची कायमची नोकरी सोडून तो सोलापूरच्या या गिरणीत आला होता तो एका कल्पनेच्या जोरावर. गिरणीचं जुनं इंजिन वाफेवर चालायचं आणि वापरलेली वाफ मागच्या भिंतीतून बाहेर फेकून द्यायचं. कमलाकर म्हणाला, ही वाफ उष्टी असली तरी मेलेली नाही. तिच्यावर आणखी एक यंत्र फिरेल, विजेचे दिवे लागतील, नवे माग चालतील, आणि वरून कोळशाचा एक तुकडाही लागणार नाही. वल्लभशेठ हे गिरणीचे मुख्य डायरेक्टर. त्यांना फुकटची गोष्ट नेहमीच आवडायची. त्यांनी यंत्र मागवलं. कमलाकर त्याला टर्बाईन म्हणे. गिरणीतली माणसं त्याला भोवरा म्हणत.

एवढ्या हुशार माणसाने एक चौकशी मात्र केली नव्हती. भिंतीबाहेर फेकलेली वाफ पुढे जाते कुठे, हे त्याने पाहिलंच नव्हतं. ती एका दगडी हौदात जात होती. त्या हौदाच्या गरम पाण्यावर मागची सगळी गल्ली वर्षानुवर्षं आंघोळ करत होती. कमलाकरने वाफ भोवऱ्याकडे वळवली आणि ऐन पौषात गल्लीचा हौद गार पडला.

"अहो," पद्मजा म्हणाली, "पाणी बरं तापलंय ना?"

"छान तापलंय. का?"

"आज मी चूल पेटवलेली नाही."

न्हाणीघरातला तांब्याचा आवाज थांबला. "मग बंब?"

"बंब केव्हाचा माळ्यावर आहे."

दार करकरलं आणि फटीतून साबण लावलेलं तोंड बाहेर आलं. पद्मजेने पंचा पुढे केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मागच्या गल्लीतली सारजाबाई आली होती. तिच्या शेजारची जगदेवी ओली बाळंतीण, तिला कढत पाणी हवं. गल्लीत जळण कुणाकडे आहे? मायाप्पाने मग हौदाकडच्या नळीचा वॉल, म्हणजे वाफेची चावी, सकाळी थोडा वेळ उघडायला सुरुवात केली. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की तो बंद करायचा.

"मायाप्पाने? माझ्या मायाप्पाने?"

"तुमच्या नाही, सारजाबाईच्या," पद्मजा म्हणाली. मायाप्पा गिरणीत वैरागकरांच्या हाताखाली असला तरी घरी तो कुणाच्या हाताखाली होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि तुला हे ठाऊक असून तू बोलली नाहीस?"

"रोज बोलणार होते. पण तुम्ही न्हाऊन निघालात की इतके खुशीत असायचात."

कमलाकरला फार राग आला, पण कुणावर काढावा हे त्याला कळेना. महिनाभर जी गळती तो मेणबत्ती घेऊन शोधत होता, त्यातल्या दोन बादल्या रोज त्याच्याच डोक्यावर पडत होत्या. उरलेलं पाणी तसंच टाकून तो बाहेर आला आणि अंग नीट न पुसताच हौदावर गेला. पद्मजाही मागोमाग आली.

सारजाबाई तिथेच कमरेवर हात ठेवून उभी होती. कमलाकर तिला ओरडायचं ठरवून आला होता, पण तिला पाहिल्यावर त्याचा आवाज खाली आला.

"सारजाबाई, एक दिवस. फक्त उद्याचा दिवस हा वॉल उघडू नका. माझं सगळं उद्यावर आहे."

"सगळं म्हंजे?"

"नोकरी. घर. तुमच्या या वैनींना घेऊन मला गाव सोडावं लागेल."

सारजाबाईने पद्मजेकडे पाहिलं. मग ती गल्लीकडे तोंड करून म्हणाली, "आयका समदे. उद्या कुनी आंगावर पानी घ्यायचं न्हाय. बाळंतिनीचं पानी मी माज्या चुलीवर तापवते. बाकीच्यांनी एक दिस पारोसं ऱ्हायलं तर काय मरत न्हाय कुनी." मग कमलाकरला म्हणाली, "जावा सायेब. शब्द दिला तुमाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली खरोखरच पारोशी बसली. देवपूजा खोळंबली, म्हातारी माणसं चिडली, पण हौदाला कुणी हात लावला नाही. बायका, त्यांच्यात पद्मजाही, अंगाभोवती पदर लपेटून गिरणीच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या झरोक्यांतून मागखात्यातले नवे दिवे दिसत होते. आत इंजिनघरात मायाप्पा वॉलशेजारी पोतं टाकून बसला होता.

भोवरा सुरू झाला. काटा चढत चढत पुरेशा दाबाच्या लाल खुणेच्या पुढे गेला आणि तिथे थांबला. दिवे लखलखले, नवे माग धडधडू लागले. मॅनेजर बिराजदारांनी कोटाचं बटण लावलं. तेवढ्यात स्टेशनवरून वल्लभशेठ आले. प्रवासाने ते पार आंबून गेले होते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"चांगलं आहे. पण मला जरा वेळ चालवून बघायचंय. मी बंगल्यावर आंघोळ करून येतो, तोवर यंत्र बंद करू नका. काटा या लाल खुणेच्या खाली गेला, तर यंत्र आजच परत पाठवायचं. आणि गेला तर मला खरं सांगायचं."

शेठ गेले. काटा जागेवर होता. कमलाकरने कपाळ पुसलं. त्याने पद्मजेला झरोक्यातून हात केला, आणि तो हात वर असतानाच त्याच्या मागे काटा खाली यायला लागला.

आधी त्याला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. मग दिवे पिवळे पडले. मागांची धडधड मंदावली. काटा लाल खुणेवर आला, जरा घुटमळला आणि खाली उतरला. कमलाकर मेणबत्ती पेटवून सगळ्या जोडांवरून धावला. ज्योत सरळ. तो मायाप्पाकडे गेला.

"वॉल उघडलास?"

"न्हाय की सायेब. बंद करून हितंच बसलोय. तुमीच बगा."

वॉल बंद होता. कमलाकरचा धीर सुटला. तो मागच्या दाराने गल्लीत आला आणि सगळ्यांदेखत सारजाबाईला म्हणाला, "शब्द दिला होतात. कुणीतरी आंघोळ करतंय. माझ्या संसारावर पाणी फिरवतंय."

सारजाबाईचा चेहरा उतरला. गल्लीच्या एका टोकापासून ती सुरू झाली आणि प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत चालली. मल्लव्वाचे केस कोरडे. तिच्या सुनेचे कोरडे. बजाबाईने आपण होऊन डोकं पुढे केलं. रावजीचं टक्कल मात्र ओलं लागलं.

"न्हालास तू?"

"त्याल हाय ते," रावजी म्हणाला. "वास घिऊन बग."

सारजाबाईने वास घेतला आणि त्याला सोडून दिलं. शेवटी तिने हौदात कोपरापर्यंत हात घातला आणि तो बाहेर काढून कमलाकरच्या गालाला लावला. हात बर्फासारखा गार होता.

"पटलं?" ती म्हणाली.

कमलाकरला मान वर करवेना. तेवढ्यात पद्मजा हळूच म्हणाली, "अहो, तिकडे बघा."

गिरणीच्या आवारात बंगला होता. त्याच्या न्हाणीघराच्या खिडकीतून पांढऱ्या वाफेचे लोट निघत होते.

सगळी वरात तिकडे धावली. पायरीवर बंगल्याचा गडी भीमा बसला होता. त्याने खुशीत सांगितलं की पूर्वीच्या एका गोऱ्या मॅनेजरने इंजिनघरातून न्हाणीघरापर्यंत जमिनीखालून मनगटाएवढी नळी टाकून घेतली होती. पितळी नळ फिरवला की वाफ थेट टबात. इतकी वर्षं कुणाला आठवण नव्हती. "म्या आज धाकवला शेठला. लई खूश झाले. म्हनाले, चालूच राहू दे, पानी निवायला नको."

मागून मॅनेजर बिराजदार धापा टाकत आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि तेही पायरीवर बसले.

"साहेब, दार वाजवा," कमलाकर म्हणाला. "नळ बंद करायला सांगा."

"वैरागकर, विचार करा. शेठना टबातून उठवलं तर नोकरी जाईल. नाही उठवलं तर यंत्र जाईल. नोकरी माझी आहे, यंत्र तुमचं."

मायाप्पा पळत आला. "सायेब, माग बंद पडाय लागलं."

कमलाकर दारापाशी गेला. आतून पाण्याची खळखळ आणि शेठचं समाधानाचं हुं हुं ऐकू येत होतं. त्याने हात उचलला. रेल्वेतली पक्की नोकरी याच हाताने राजीनामा लिहून सोडली होती. आता तो दारापासून चार बोटांवर अडला आणि पुढे जाईना. पद्मजेला त्याची इतकी दया आली की तिने तोंड फिरवलं.

सारजाबाईने त्याला बाजूला केलं आणि दारावर थाप मारली.

"आत कोन हाय?"

"मी."

"मी म्हंजे कोन?"

"अरे, डायरेक्टर आहे मी."

"असाल. त्यो नळ बंद करा."

आतली खळखळ चालूच होती. "पाणी गार होईल बाई. माझ्या अंगाला साबण आहे."

"आमच्या आंगाला त्यो बी न्हाय. तुमचं यंत्र चालावं म्हनून सारी गल्ली सकाळधरनं पारोशी बसली हाय. म्हातारी कोतारी, लेकरं, समदी. आन तुमी एकटेच न्हाताय. तितं काटा पडला, हितं या मानसाचं घर मोडतंय. बंद करा की."

बिराजदारांनी डोळे मिटून घेतले. मग नळ करकरला. खिडकीतली वाफ विरळ झाली. जरा वेळाने मागखात्यातून एकेक माग सुरू झाल्याचा आवाज येऊ लागला आणि झरोक्यांमधला पिवळा उजेड पांढरा झाला.

दार उघडलं. वल्लभशेठ कोरडं धोतर नेसून, खांद्यावर शाल घेऊन उभे होते. केसांत आणि कानांत साबण तसाच होता.

"काटा खाली गेला होता?"

"छे, शेठ," बिराजदार लगबगीने म्हणाले. "जरासा हलला असेल."

शेठनी कमलाकरकडे पाहिलं. "गेला होता," तो म्हणाला. "लाल खुणेच्या बराच खाली. माग बंद पडले."

"आणि मी नळ बंद केल्यावर?"

"वर आला."

शेठ कानातला साबण बोटाने काढत थोडा वेळ झरोक्यांकडे बघत राहिले. "म्हणजे माझ्या एकट्याच्या आंघोळीत एवढे माग चालतात?"

"होय, शेठ."

"मग अशी वाफ आपण इतकी वर्षं फेकून देत होतो. यंत्र राहील, वैरागकर. तुम्हीही राहा."

पद्मजेने डोळ्यांना पदर लावला. सारजाबाई मात्र हलली नाही.

"फेकून कुटं देत व्हता?" ती म्हणाली. "आमी घेत व्हतो की."

शेठनी तिच्या मागे उभ्या असलेल्या पारोशा गल्लीकडे पाहिलं. मग ते कमलाकरला म्हणाले, "सकाळी यांच्या आंघोळी होईपर्यंत वाफ हौदाला, त्यानंतर यंत्राला. एवढी सुधारणा जमेल ना तुम्हाला?"

"जमेल, शेठ."

"मग आत्ताच करा. माझा साबण वाळतोय, आणि हा नळ पुन्हा उघडायची माझी काही हिंमत नाही."

मायाप्पाने वॉल उघडला. हौदावर वाफ धरली आणि पोरंबाळं ओरडत धावली. वल्लभशेठ पुढे झाले तेव्हा सारजाबाईने हात आडवा केला. "रांग हाय, शेठ. आदी बाळंतिनीच्या बादल्या भरायच्या." शेठ मुकाट्याने रावजीच्या मागे जाऊन उभे राहिले. रावजीने त्यांना तेल हवंय का म्हणून विचारलं.

कमलाकर इंजिनघरात गेला. काटा लाल खुणेच्या खाली पडला होता. त्याने तो पाहिला आणि घरी जाऊन बादली घेऊन आला. शेठच्या मागे जागा होती, तिथे तो शिरणार तोच सारजाबाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"सारजाबाई, चुकलं माझं. मी सगळ्यांसमोर तुमच्यावर आळ घेतला."

"व्हय, घेतला," ती म्हणाली. "म्हनून तुमी शेवटी."

कमलाकर बादली घेऊन रांगेच्या टोकाला गेला. तिथे पद्मजा आधीच उभी होती. तिने त्याच्या हातातली बादली घेऊन आपल्या बादलीशेजारी ठेवली.