सव्वातीनशे फुटांचे दिघे

आम्ही सिंगापूरला क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा शेजारचे दिघे चहाला आले आणि चहाआधी त्यांनी खिशातून टेप काढून आमचा हॉल मोजला. "बेसबॉलमध्ये पिचरपासून बॅटरपर्यंत साडेसाठ फूट लागतात," ते खिन्नपणे म्हणाले. "तुमचा एकोणीसच भरतो." बायकोने बिस्किटं पुढे केली.

दिघे मरीन इंजिनिअर. वीस-बावीस वर्षं बोटींवर काढून आता इथल्या एका शिपयार्डात नोकरी. क्रिकेट खेळणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना त्यांनी बेसबॉलला लावलं; म्हणजे सहा रविवार नुसतं टेपचं टोक धरायला लावलं. धावताना गाठायच्या दोन बेसमध्ये नव्वद फूट हवेत, ते जमलं. पण कुंपण सव्वातीनशे फुटांवर हवं, आणि आमच्या इमारतीखालच्या मैदानाचं कुंपण जेमतेम दोनशेवर. पलीकडे नाला.

"हा नियम व्यावसायिक मैदानांना आहे ना?" मी विचारलं.

"मग आपण काय बिनपगारी आहोत?"

नाला हलवावा असा त्यांनी रीतसर अर्ज केला. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. ते त्यांनी लॅमिनेट करून ठेवलं.

मग त्यांना पळवाट सापडली. नियम नव्या मैदानांना, जुन्यांना सूट. खालच्या बाकावर बसणाऱ्या चिनी आजोबांना त्यांनी विचारलं, हे मैदान कधीचं? "व्हेरी ओल्ड लाह," आजोबा सिंगापुरी ढंगात म्हणाले. दिघ्यांनी ते वहीत उतरवून खाली आजोबांची सही घेतली आणि खेळ सुरू झाला.

तिसऱ्याच बॉलला आमच्यातल्या सामंतने मारलेला फटका कुंपणावरून थेट नाल्यात गेला. होम रन म्हणत तो हात वर करून चारही बेसची फेरी मारायला धावू लागला. कुंपण अडीचशे फुटांच्या आत असेल तर दोनच बेस मिळतात, हे दिघ्यांनी मला आदल्याच दिवशी बसमध्ये समजावलं होतं. तरी ते म्हणाले, "थांबा. जाणकाराला विचारावं लागेल." आणि फोन घेऊन झाडाखाली गेले.

जाणकार म्हणजे त्यांची मुलगी. इथेच वाढलेली, आता अमेरिकेत कॉलेजात सॉफ्टबॉल खेळते. आम्ही पंचवीस मिनिटं उन्हात उभे.

"काय म्हणाली?" ते परतल्यावर सामंतने विचारलं.

"सर्दी झालीय तिला. आवाज पार बसलाय."

"आणि होम रनचं?"

"ते होय. दोन बेस."

घरी जाताना लिफ्टमध्ये मी म्हटलं, "नियम तर तुम्हाला पाठ होता."

दिघे मजल्यांचे आकडे बघत राहिले. "कशी आहेस विचारलं, की 'ओके लाह, बाबा' म्हणते आणि ठेवते. नियम विचारला की बोलते. आधी मला मूर्खात काढते, मग बोलत राहते."

पुढच्या रविवारी सामंत सरळसरळ बाद झाला. तो स्वतःच निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, "दिघे, हे मला पटत नाही. विचारून घ्या."

सामंतने माझ्याकडे पाहिलं. मग सावली बघून खाली बसला.