एकमताचं एक वाक्य

फिजिओथेरपी विभागाच्या प्रमुखबाई सकाळी दहापासून एकाच खुर्चीवर बसून होत्या. रुग्णालयाच्या संचालकांनी विभागाकडून एक कागद मागवला होता: या पेशाचं भविष्य तुम्हाला कसं दिसतं, ते एका पानात, सगळ्यांच्या सह्यांनिशी. मुदत पाच वाजेपर्यंत. कागद पोचला नाही, तर विभाग हाडांच्या डॉक्टरांच्या हाताखाली जाणार होता. बाईंनी अठरा वर्षं खपून उभा केलेला विभाग!

अडचण अशी, की बाई धरून विभागात माणसं चार आणि मतं पाच. मशीनवाल्या मॅडमना भविष्य यंत्रांत दिसत होतं. व्यायामवाल्या सरांना ते रुग्णाच्या घामात दिसत होतं. हातवाले सर आपले दोन्ही पंजे टेबलावर ठेवून म्हणत होते, "भविष्य इथे आहे."

साडेतीनपर्यंत गाडी जेमतेम एका वाक्यापर्यंत आली: 'माणसाने अर्ध्या तासाहून जास्त वेळ एका जागी बसू नये.' त्यावर कोणाचाच वाद नव्हता. वाद होता तो अर्धा तास की चाळीस मिनिटं, एवढाच. तो पुढे सव्वा तास चालला, बसूनच.

पावणेपाचला बाई कोरा कागद घ्यायला उठल्या आणि अर्ध्यातच अडकल्या. कमरेत उसण भरली होती.

"आई गं!"

तिघंही धावले. अशी संधी रोज येत नाही.

"हलू नका मॅडम, मशीन लावते. दहाच मिनिटं."

"मशीन कसलं लावताय? मॅडम, चालायला लागा. चालल्याशिवाय सुटणार नाही."

"अहो, त्यांना चालवताय काय? आधी मोकळं करू द्या," म्हणत हातवाल्या सरांनी कंबर धरली.

मशीनवाल्या मॅडमनी वायर ओढली. ती व्यायामवाल्या सरांच्या पायात आली, ते हातवाल्या सरांवर आदळले, आणि बाई होत्या त्याहून चार बोटं आणखी वाकल्या.

"अरे, सोडा मला!" त्या जमिनीकडे बघत ओरडल्या. "कंबर माझी आहे ना? मग मला काय होतंय, काय हवंय, हे कुणी विचारणार आहे की नाही?"

तिघांनीही हात मागे घेतले. त्यांना मनापासून लाज वाटली.

"काय हवंय, मॅडम?" शेवटी व्यायामवाल्या सरांनी विचारलं.

"पाचच्या आत दुसऱ्या मजल्यावर जायचंय. आणि आत्ता मी बोलले ना, तेच लिहा कागदावर."

त्यांनी लिहिलं: 'यापुढे रुग्णाला आधी विचारू, मग हात लावू.' मशीनवाल्या मॅडमनी 'किंवा मशीन' असं घालायला सुचवलं. बाईंनी वाकल्या वाकल्याच त्यांच्याकडे पाहिलं. चार सह्या झाल्या.

पाचला तीन मिनिटं कमी असताना बाई काटकोनात संचालकांच्या खोलीत शिरल्या. मागे तिघं. बाईंनी दोन्ही हातांनी कागद पुढे केला. संचालक खुर्चीतून अर्धे उठले.

"अहो मॅडम, हे काय! इतकं वाकायची काही गरज नाही." त्यांना भरून आलं होतं. त्यांनी वाक्य वाचलं, सह्या पाहिल्या. "मघाशी हाडांचे डॉक्टर येऊन गेले. माझ्या टेबलावर कोपर टेकून बोलत होते. माणसात नम्रता हवी हो! विभाग तुमच्याकडेच राहील."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं निम्मं आनंदाचं होतं.

"अहो, आता तरी सरळ व्हा," संचालक म्हणाले.

बाईंनी मागे उभ्या असलेल्या तिघांच्या पायांकडे पाहिलं.

"त्यावर विभागात अजून एकमत झालेलं नाही, सर."