चौथा पाय, चौऱ्याहत्तर सेंटिमीटर

"तीन पाय शहात्तर सेंटिमीटर, चौथा चौऱ्याहत्तर." टेपभाऊंनी मोजपट्टी झपकन आत सोडली आणि आकडे वहीत उतरवले.

टेपभाऊ म्हणजे विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचे भांडारपाल. कापसाच्या बोळ्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत केंद्रात जे जे यायचे ते त्यांच्या हातून यायचे. कमरेला कायम मोजपट्टी, म्हणून टेपभाऊ. खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथेच सुखाने नांदत होते.

आत्ता ते तपासणीच्या जुन्या टेबलाखाली उताणे पडले होते. विद्यापीठाने प्रत्येक विभागाकडून पाच वर्षांचा आराखडा मागवला होता. काय घेणार, केव्हा घेणार, पुरवठादारांना कोणत्या संधी देणार, सगळे त्यात हवे. ज्याचा आराखडा विद्यापीठाच्या नियोजन समितीला पटणार नाही त्याचे भांडार बंद, खरेदी मुख्य इमारतीतून. म्हणजे टेपभाऊंनी बावीस वर्षे लावलेली कपाटे कुलूपबंद, आणि ते स्वतः मुख्य इमारतीच्या तळघरात कुणाच्या तरी हाताखाली.

"भाऊ, नुसता कागद दाखवून भागणार नाही," केंद्रप्रमुख डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "समिती येईल तेव्हा आठ नवी टेबलं हॉलमध्ये उभी पाहिजेत."

"बाई, तुम्ही निर्धास्त राहा. माझ्या मापात आजवर केसाचाही फरक पडलेला नाही."

हे खरे होते. घोळ तिथेच होता.

टेपभाऊंची पद्धत सरळ होती. चांगली चाललेली वस्तू घ्यायची, मोजायची, जशीच्या तशी मागवायची. जुने टेबल सव्वीस वर्षांत एकदाही कुरकुरले नव्हते. चौथा पाय आखूड आहे आणि त्याखाली राखाडी रंगाचा एक ठोकळा आहे, हे त्यांना दिसले नाही असे नाही. पण नोंदवहीत ठोकळ्याची नोंद निराळी होती: 'ठोकळा, नग १'. टेबलाचा क्रमांक वेगळा, ठोकळ्याचा वेगळा. एका निविदेत दोन वस्तू घुसडणाऱ्यातले टेपभाऊ नव्हते.

आणि पाय आखूड का?

"काहीतरी डॉक्टरी कारण असणार," ते सिस्टरांना म्हणाले. "रक्त डोक्याकडं वाहायला वगैरे."

"अहो, मग डॉक्टरबाईंना विचारा ना एकदा."

"एवढ्याशा गोष्टीसाठी बाईंना कशाला त्रास?"

*कलम ४. टेबलास चार पाय असावेत. पैकी तीन ७६ सें.मी., डोक्याकडील डावा ७४ सें.मी. मापात तडजोड चालणार नाही.*

*कलम ११. वरील वर्णनाबरहुकूम आलेला माल कोणत्याही कारणास्तव परत केला जाणार नाही.*

निविदेआधी पुरवठादारांच्या शंका ऐकायची बैठक झाली. एका फर्निचरवाल्याने हात वर केला.

"साहेब, ते चौथ्या पायाचं... छापताना काही गडबड?"

"वाचता येतं ना?"

"येतं."

"मग पुन्हा वाचा."

फर्निचरवाल्याने पुन्हा वाचले. "म्हणजे मुद्दामच?"

"मुद्दाम," टेपभाऊ ठणकावून म्हणाले. इतिवृत्तातही ते तसेच उतरले.

समितीच्या भेटीचा दिवस उजाडला. सकाळी नऊला टेम्पो आला, साडेनऊला आठ टेबले हॉलमध्ये रांगेत उभी राहिली. शिसवी रंगाची, चकचकीत. सिस्टर कौतुकाने पहिल्यावर बसल्या. खटक! सिस्टर डावीकडे. त्या सावरून उजवीकडे सरकल्या. खटक!

"अगं बाई! हे टेबल आहे की पाळणा?"

दुसरे, खटक. तिसरे, खटक. आठही टेबले एकजात डुलत होती. टेपभाऊंनी गुडघे टेकून मोजपट्टी काढली. शहात्तर, शहात्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर.

"एका मिलिमीटरचा फरक नाही साहेब," फर्निचरवाला अभिमानाने म्हणाला. "माझा सुतार म्हणत होता, शेठ, गिऱ्हाईक वेडं झालंय. मी म्हटलं, गप बस, शिकलेली माणसं आहेत. करा सही."

"हा माल घेऊन जा."

"कलम अकरा."

ते कलम टेपभाऊंनी स्वतः लिहिले होते. एकदा एका पुरवठादाराने विद्यापीठाने माल विनाकारण परत केला म्हणून गहजब केला होता, तेव्हापासून. त्यांनी सही केली. ते जराही घाबरले नाहीत.

*शुद्धिपत्रक क्र. १. वरील परिच्छेदातील 'ते जराही घाबरले नाहीत' हे वाक्य रद्द समजावे. त्याऐवजी 'ते दोन ग्लास पाणी प्यायले आणि तिसरा हातात घेऊन उगाच उभे राहिले' असे वाचावे.*

डॉक्टरबाई आल्या, एका टेबलावर हात टेकवला आणि टेबलाबरोबर झुकल्या.

"भाऊ, हे काय?"

"बाई, डोक्याकडचा पाय आखूड ठेवण्यामागं डॉक्टरी कारण काय असतं हो?"

"काही नसतं!"

"अच्छा," टेपभाऊ म्हणाले.

"जुन्याखाली ठोकळा आहे ना, तसे आठ आणा की," सिस्टर म्हणाल्या.

"कुठून आणू? ठोकळ्याची मागणी, मंजुरी, दरपत्रकं... तीन आठवडे तरी धरा."

"अकराला समिती येतेय," डॉक्टरबाई घड्याळाकडे पाहत म्हणाल्या. "तुम्ही काय करायचं ते करा, पण टेबल हललं तर तुमचं भांडार गेलं, आणि तुमच्यावर भरवसा ठेवला म्हणून माझी अब्रूही गेली."

टेपभाऊंनी हॉलभर नजर फिरवली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आराखड्याच्या प्रती ठेवल्या होत्या. पाच समितीसाठी, तीन दप्तरी. जाड पुठ्ठा, निळी बांधणी. टेपभाऊ हळूच तिकडे गेले आणि एका प्रतीच्या जाडीला मोजपट्टी लावली.

दोन सेंटिमीटर. केसाचाही फरक नाही.

अकराला समिती आली. चार सदस्य आणि पुढे अध्यक्ष. अध्यक्ष निवृत्तीला टेकलेले प्राध्यापक होते. कुणाचाच आराखडा त्यांना सहसा पटत नसे. ते पहिल्या टेबलावर बसले. टेबल डोंगरासारखे स्थिर.

"छान! भक्कम आहे," अध्यक्ष म्हणाले. "आता आराखड्याच्या प्रती द्या."

डॉक्टरबाईंनी टेपभाऊंकडे पाहिले. टेपभाऊंनी छताकडे पाहिले.

"आहेत साहेब," ते म्हणाले. "वापरात आहेत."

"वापरात? मंजुरीआधीच?"

"तातडीची गरज होती साहेब."

तेवढ्यात एक सदस्य पेन उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. "सर, जरा खाली बघता का?"

अध्यक्ष उतरले आणि खाली वाकले. निळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरे, त्यावर टेबलाचा पाय. दुसऱ्याखाली तेच. आठव्यापर्यंत तेच. सरळ होताना त्यांचा चेहरा आराखड्याच्या पुठ्ठ्यासारखा झाला होता.

"ही किंमत नियोजनाची? आम्ही रात्रंदिवस खपून धोरणं ठरवायची आणि तुम्ही ती टेबलाखाली घालायची? बंद करून टाका हे भांडार! आणि ते जुनं टेबल? त्याखाली काय घातलंय?"

"ठोकळा," टेपभाऊ घाईने म्हणाले. "त्याची रीतसर नोंद आहे साहेब. नग एक."

ते स्वतः वाकले, खांद्याने टेबल उचलले आणि ठोकळा ओढून काढला. ठोकळा हलका लागला. दर रंगकामात टेबलाबरोबर त्यालाही एक हात मिळाला होता. राखाडी पापुद्र्यांखाली कडेला पाने दिसत होती. टेपभाऊंनी नखाने खरवडले. खालून पुठ्ठा निघाला, पुठ्ठ्यावर अक्षरे.

*आरोग्य केंद्र : पंचवार्षिक खरेदी आराखडा.* सव्वीस वर्षांपूर्वीचा. आणि खाली सदस्य-सचिव म्हणून एक लफ्फेदार सही.

अध्यक्षांनी तो हातात घेतला. उलटापालटा केला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा सही पाहिली.

"माझी आहे," ते हळूच म्हणाले.

जुने टेबल आधार गेल्यामुळे खटकन एका बाजूला कलले.

"तेव्हा मी नुकताच लागलो होतो. चौदा विभागांचे आराखडे लिहिले मी." अध्यक्षांनी रंगाचा एक पापुद्रा हलकेच काढला. "सगळीकडं चौकशी केली नंतर. तेरा रद्दीत गेले म्हणाले. चौदाव्याचा पत्ताच लागला नाही कधी."

"नोंदवहीत होता साहेब," टेपभाऊ म्हणाले. "दरवर्षी मोजतो मी."

"दरवर्षी?"

"एकही वर्ष चुकलेलं नाही."

अध्यक्षांनी खाली बसून, स्वतःच्या हातांनी, तो पुन्हा त्याच पायाखाली सरकवला. टेबल सरळ झाले. त्यांनी त्यावर तळहात ठेवून दाबून पाहिले. मग आणखी एकदा.

"भांडार राहू द्या इथेच," ते सदस्यांना म्हणाले. "आराखडाही मंजूर."

"सर, पण वाचलेला नाही अजून..."

"काढू नका हो तो तिथून! चांगला बसलाय."

समिती गेली. सिस्टर नव्या टेबलावर बसल्या, उजवीकडे सरकल्या, डावीकडे सरकल्या. खटक झाले नाही. टेपभाऊंनी कपाटातून नोंदवही काढली, पेनाचे टोपण उघडले आणि न डगमगता लिहिले:

*शुद्धिपत्रक क्र. २. 'ठोकळा, नग १' ऐवजी 'ठोकळे, नग ९' असे वाचावे. पैकी आठ नवे.*