बिनशेपटीचा नायक

एका जंगलात लिहिणारा एकच होता आणि वाचणारे पुष्कळ. खोटं वाटतंय ना? वाटू दे. म्हणून तर ही गोष्ट जंगलातली आहे, आपल्याकडची नाही.

तो लिहिणारा म्हणजे साळोबा. जातीनं साळिंदर. इतरांना लेखणी शोधावी लागते, याच्या पाठीवरच दीड-दोनशे. एक उपटायची, जांभळाच्या रसात बुडवायची आणि बसायचं. मागच्या रांगेनं हसू नये. उपटताना दुखतं.

साळोबा रोज सकाळी बिळाच्या तोंडाशी बसून आभाळाकडे बघायचा. तेवढ्यात त्याची बायको साळूबाई रानभर हिंडून कंद उकरून आणायची, बीळ झाडायची, पिलांची भांडणं सोडवायची.

"अहो, एवढा एक कंद तरी सोलता का?" ती विचारायची.

"अगं, मी विचार करतोय. आणि उठलीच आहेस तर थोडं पाणी आण."

असा विचार करता करता तीन उन्हाळे गेले आणि साळोबाची कादंबरी पुरी झाली.

कादंबरीत एक नायक होता. तो दिवसभर झाडाखाली बसायचा. दुसऱ्यांनी आणलेली फळं खायचा आणि वर ती आंबट आहेत म्हणायचा. कोणी काम सांगितलं की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मी काही करताना दिसत नाही, याचा अर्थ मी काही करत नाही असा होत नाही."

साळूबाईनं ती सगळ्यांच्या आधी वाचली. तीन ठिकाणी तिला हसू आवरेना.

"काय झालं?" साळोबानं विचारलं.

"काही नाही. नायक अगदी छान जमलाय हो."

आता लिहून झाल्यावर साळोबाला वाचणाऱ्यांची काळजी लागली. त्या जंगलात कोणाच्या भावना कधी दुखावतील, नेम नव्हता. मागच्याच वर्षी एका कोकिळेला नुसत्या 'कुहू'बद्दल माफी मागावी लागली होती. म्हणून तो कोल्होबाकडे गेला. कोल्होबा जंगलात सल्ले द्यायचा. मागितले नाहीत तरी द्यायचा.

"सोपं आहे," कोल्होबा म्हणाला. "नायकाला शेपूट देऊ नकोस. शेपटीवरून जनावर ओळखू येतं. शेपूट नाही तर भानगड नाही."

साळोबाला ते पटलं. त्यानं नायकाचं शेपूट खोडलं. मग कान खोडले. मग रंग खोडला. आणि पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'या कादंबरीतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत. कोणाशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.' शिंपी पक्ष्यानं पानं शिवून दिली आणि पुस्तक बाहेर पडलं.

इथंच बिचारा फसला, मुलांनो. शेपूट ठेवलं असतं तर एकच जण चिडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वलअण्णा दाराशी उभे. हातात पुस्तक, नाकावर मध.

"साळोबा, झाडाखाली बसतो तो मी ना?"

"छे हो, अण्णा! काल्पनिक आहे तो."

"मग तो आयतं खातो ते कसं काय? मला सगळं कळतं!"

अण्णा गेले तर रानडुक्कर आलं. रानडुक्कर गेलं तर मोर आला. मोराचं तर म्हणणं होतं, की शेपूट गाळलं तेच मुळी त्याला डिवचायला. संध्याकाळपर्यंत तेवीस जण येऊन गेले. तेविसावा कोल्होबा.

"अरे, तूच तर म्हणालास शेपूट काढ म्हणून!" साळोबा रडकुंडीला आला.

"म्हणालो. पण माझं काढ असं म्हणालो होतो का?"

प्रकरण पंचायतीत गेलं. पंचायतीचे प्रमुख गवाजीराव. जातीनं गवा, वजनानं प्रमुख. त्यांनी मागणी ऐकून घेतली. साळोबाची सगळी पुस्तकं नदीत सोडावी आणि पाठीवरच्या सगळ्या लेखण्या उपटाव्या, पुन्हा लिहायची सोयच नको.

लिहिणं तर जाणारच. पण काटे नसलेलं साळिंदर बिबट्याच्या दृष्टीनं काय असतं, हे मी सांगायला हवं का? नको ना? मग पुढं ऐका.

पंचायत उंबराखाली बसली. काटे उपटायला चार माकडं आधीच येऊन तयारीत होती. साळूबाई नवऱ्याला खेटून उभी होती. तिला भीती वाटत होती, पण तिला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. माणसं जेवढं घाबरवतात, तेवढी ती चिडायची.

बरं, माणसं नाही, जनावरं. शब्दात पकडू नका.

"गवाजीराव," ती म्हणाली, "उपटायचं तर उपटा. पण नायक एक आणि दुखावलेले तेवीस. तो नक्की कोण, ते आधी ठरू द्या. बाकीच्या बाविसांना इथं बसायचं काय कारण?"

गवाजीरावांना मुद्दा रास्त वाटला. "बोला. नायक कोण?"

"मी!" अस्वलअण्णा उठले. "पान बारा. आयतं खाऊन वर नावं ठेवतो. जंगलात हे माझ्याइतकं कोणाला जमतं?"

"जा हो!" रानडुक्कर फिस्कारलं. "आयतं खाण्यात तुम्ही मला शिकवणार?"

"खाणं कोणीही खाईल," मोर म्हणाला. "पण काही न करता सगळ्यांनी आपल्याकडे बघत राहावं, याला अंगात काहीतरी लागतं. नायक मीच आहे."

"आणि ते वाक्य?" कोल्होबा ओरडला. "मी काही करताना दिसत नाही, वगैरे? एवढं हुशारीचं वाक्य डुकराच्या तोंडी शोभेल का? ते माझं आहे! लहानपणापासून माझं आहे!"

मग जी जुंपली म्हणता! आळशी कोण यावरून जंगलात एवढी धावपळ कधी झाली नव्हती. जो तो स्वतःच्या चोऱ्या आणि कामचुकारपणा पान क्रमांकासह सांगू लागला. खार सगळं लिहून घेत होती. माकडं उपटायचं सोडून ऐकत बसली. त्यातलं एक तर म्हणालं, सतरावं पान आपल्यावरच आहे.

शेवटी गवाजीरावांनी खूर आपटला.

"पान एकशे चार," गवाजीराव घोगऱ्या आवाजात वाचू लागले. "'तो जागचा उठला नाही, तरी सगळं झालं.' ऐकलंत? हे फळ खाणाऱ्याचं काम नव्हे. याला राज्यकारभार म्हणतात. गेली अकरा वर्षं मी दुसरं काय करतोय?"

आणि ते खरं होतं.

"तेव्हा नायक मी," गवाजीराव म्हणाले. "आणि माझ्यावर कादंबरी लिहिणाऱ्याचे काटे मी उपटू? लोक काय म्हणतील? साळोबा निर्दोष आहे. फक्त पुढच्या आवृत्तीत नायकाला शेपूट द्या. माझं. बाकीच्यांची नावं शेवटी ऋणनिर्देशात घ्या."

ऋणनिर्देशात नाव येणार म्हटल्यावर सगळ्यांच्या भावना जागच्या जागी बऱ्या झाल्या. अस्वलअण्णांनी तर साळोबाला मिठी मारली आणि मग बराच वेळ अंगातले काटे काढत बसले.

साळोबा घरी आला तो हवेत. "आज काटे गेले असते, तर उद्या तुम्ही मला दिसला नसतात," साळूबाई म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. मग कंद आणायला गेली, कारण पिलं सकाळपासून उपाशी होती.

ती परत आली तेव्हा साळोबा बिळाच्या तोंडाशी बसला होता. आभाळाकडे बघत.

"गंमत बघ," तो म्हणाला. "तेवीस जण भांडले, गवाजीराव चोविसावे. आणि तो त्यातला कोणीच नाही! निव्वळ माझी कल्पना. कुठून सुचला, मलाच कळत नाही."

साळूबाईनं कंद खाली ठेवला.

"अहो, खरंच कळत नाही? तो तुम्हीच आहात की."

साळोबाच्या पाठीवरचा एकूण एक काटा उभा राहिला.

"मी? तीन उन्हाळे राबलो मी! अगं, मी काही करताना दिसत नाही, याचा अर्थ..."

आणि तो थांबला.

तो उठला. कंदाकडे बघितलं. मग आत जाऊन त्यानं पुस्तक उघडलं, पाठीवरची एक लेखणी उपटली आणि 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' या ओळीखाली दोन ठळक रेघा ओढल्या.

कंद साळूबाईनंच सोलला.

तात्पर्य : मुलांनो, पुस्तकात स्वतःला कधी शोधू नये. शेजाऱ्याला शोधावं. तो पहिल्याच पानावर सापडतो आणि झोपही छान लागते. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी लेखक झालाच, तर त्यानं नायकाला शेपूट जरूर द्यावं. मात्र लिहिण्याआधी एकदा मागं वळून, आपलं जागेवर आहे ना, ते बघून घ्यावं.