सात नंबरचं हृदय

गोविंदराव पडघानांनी पट्टा अमीनाबीला दिला तो फक्त अंघोळीपुरता, हे आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे अंघोळ गोविंदरावांची आणि पट्टा अमीनाबीला. अंघोळीच्या वेळी पट्टा काढायचा असा नियमच होता. काढलेला पट्टा तेवढ्या वेळात कुठे ठेवायचा, याबद्दल नियम गप्प होता. आणि नियम जिथे गप्प असतो तिथे काय करायचं, हे गोविंदराव सरकारी कारकुनीत जन्म घालवून शिकले होते.

पट्टा लेकीनं बनवलेला. पौर्णिमा बायोमेडिकल इंजिनिअर होती. हा काय प्रकार आहे, हे अकोल्याकडच्या त्या मालेगावात कोणालाच नीट उमगलं नव्हतं. डॉक्टर म्हणावं तर सुई टोचत नाही, मिस्त्री म्हणावं तर हाताला ग्रीस नाही. ती सुटीत घरी आली की निम्मी गल्ली ताप-खोकला घेऊन यायची आणि उरलेली निम्मी मिक्सर घेऊन. ती मिक्सर दुरुस्त करून द्यायची, त्यामुळे उच्च शिक्षणाबद्दल गल्लीचं मत एकूण चांगलं होतं.

नागपूरच्या एका संस्थेत ती दवाखान्याची नवी उपकरणं शोधून काढायचं काम करी. तिचं पहिलं उपकरण म्हणजे सलाईन संपत आलं की वाजणारी डबी. ती उत्तम वाजायची. इतकी उत्तम, की जिथे लावली तिथल्या लोकांनी आठवडाभरात तिचे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले. दुसरं उपकरण कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारं. ते अजून मंजुरीच्या रांगेत होतं, आणि ज्या बाळांना बघून ते सुचलं ती आता शाळेत जात होती. तिसरा हा पट्टा. छातीला बांधायचा. त्याच्या डबीतून हृदयाचे ठोके थेट नागपूरला जायचे. खेड्यातल्या माणसाचं हृदय बिघडायला लागलं तर ते त्याला कळायच्या आधी पट्ट्याला कळावं, अशी कल्पना. महिनाअखेरीला तज्ज्ञांची समिती बसणार होती. तिला पट्टा पटला तर मोठी चाचणी, नाहीतर पौर्णिमाची चार वर्षं कपाटात.

त्याआधीची छोटी चाचणी म्हणून संस्थेतल्या लोकांनी आपापल्या घरची माणसं दिली. गोविंदराव झाले सहभागी क्रमांक सात. पंधरवडाभर पट्टा बांधायचा आणि नेहमीसारखं वागायचं, एवढंच काम. (काही न करता नेहमीसारखं बसून राहायचं काम मिळणं त्यांना नवीन नव्हतं.) दुसऱ्या कोणाला देऊ नका, असं पौर्णिमानं बजावलं नव्हतं, कारण कवळीबद्दलही तसं कोणी बजावत नाही.

अमीनाबीचं घर भिंतीला भिंत लावून. नवरा जमशेद शिंपी. अमीनाबीला अधूनमधून छातीत धडधड व्हायची आणि दवाखान्याच्या नावानं ती आणखी वाढायची. "भाऊ, तुमी न्हाऊन येस्तोर मले बांधू द्या," एवढंच ती म्हणाली. शेजाऱ्याला विळी देतो, शिडी देतो, दही लावायला विरजण देतो, तिथे पट्ट्याला नाही कसं म्हणणार? गोविंदरावांनी त्या दिवशी अंघोळ जरा निवांत केली.

संध्याकाळी पौर्णिमाचा फोन आला, की सकाळचे ठोके फार छान आहेत, अगदी तरण्या माणसासारखे. गोविंदरावांनी हा निकाल भिंतीपलीकडे कळवला. अमीनाबीची धडधड त्या रात्रीपासून बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी दालच्याचं पातेलं आलं. औषध न देता माणूस बरा केल्याचा आनंद मोठा असतो. गोविंदरावांना तो उतारवयात मिळाला, म्हणून जरा जास्तच चढला.

मग तांड्यावरून दूध घालणारा बाबूसिंग आला. मग बाबूसिंगची बायको आली, कारण नवऱ्याला बांधलं आणि तिला नाही, हे तांड्यावर शोभलं नसतं. गोविंदरावांची अंघोळ सकाळची दोनदा आणि संध्याकाळची एकदा अशी वाढत गेली. पुढे अंघोळीचं निमित्तही उरलं नाही. कोणी मागितला की पट्टा जायचा, संध्याकाळी नागपूरहून फोन यायचा, आणि गोविंदराव ओट्यावर बसून ज्याचं त्याला हृदय वाटून द्यायचे.

एका संध्याकाळी पौर्णिमानं विचारलं, "बाबा, आज सकाळी तुमी पळत होते का?"

"नाई तं. भाजी आनाले गेलतो."

"भाजी पळून जाऊन राह्यली होती का?"

(बाबूसिंगची म्हैस दावं तोडून पळाली होती आणि पट्टा अंगावर असतानाच तो तिच्यामागे गेला होता. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.)

तिकडे नागपूरला पौर्णिमाची झोप उडाली होती. बाकी सहभागींची हृदयं सरळमार्गी होती. सात नंबरचं तेवढं सकाळी बाईमाणसासारखं हलकं चालायचं, थोड्या वेळानं पैलवानासारखं आणि दुपारी मधेच भलत्याच कोणासारखं. एका माणसाच्या छातीत इतकी हृदयं मावत नाहीत, तेव्हा यंत्रच बिघडलंय, असं तिनं ठरवलं. वडिलांवर शंका घ्यायचं तिच्या मनात आलं नाही. शिकलेल्या माणसाला आधी यंत्रावर शंका येते. तिनं डबी खोलली, गणितं पुन्हा मांडली आणि शेवटी वरिष्ठांना सांगून टाकलं, की पट्टा समितीपुढे न ठेवलेलाच बरा.

यातलं काहीच गोविंदरावांना माहीत नव्हतं. गल्लीची तब्येत सुधारत होती, एवढंच ते बघत होते.

आणि तो रविवार आला. जेवण झाल्यावर गोविंदरावांनी पट्टा काढून खुंटीला लावला. दुपारी जमशेदचा नंबर होता. आपण झोपलेलो असलो तर उठवू नको, खुंटीवरून घेऊन जा, असं त्याला सांगून ठेवलं होतं. मग ते झोपले. उठले, अंघोळ केली. पट्टा खुंटीवर परत होता. काम व्यवस्थित पार पडलं, असं समजून त्यांनी चहा घेतला.

सोमवारी पौर्णिमा गाडी करून स्वतःच आली. चेहरा उतरलेला. तिनं वडिलांना समोर बसवलं आणि सांगितलं, की काल दुपारी झोपेत त्यांचं हृदय चार-पाच वेळा मधेच थांबलं होतं. या खेपेला ती यंत्राला दोष देऊन गप्प बसणार नव्हती. अकोल्याच्या डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. आजच निघायचं.

गोविंदरावांना आधी हायसं वाटलं, कारण ते हृदय त्यांचं नव्हतं. मग घाम फुटला, कारण ते जमशेदचं होतं. सांगावं तर लेकीचं संशोधन आपणच नासवलं हे उघड होणार. न सांगावं तर भल्या शेजाऱ्याचा जीव जाणार. पायजमा बदलून येतो म्हणून ते मागच्या दारानं निघाले आणि जमशेदच्या दुकानात पोहोचले. जमशेद कापड बेतत होता.

"जमशेदभाई, तब्येत कशी हाय?"

"चांगली हाय."

"चक्कर-बिक्कर?"

"तुमच्या पँटीचं माप घेतो तवा येते."

"थोडं बसून काम करत जा."

"भाऊ, मशीन उभ्यानं चालतच नाई."

गोविंदराव म्हणाले, की आपण दोघं अकोल्याला जरा फिरून येऊ. जमशेदनं कुठे म्हणून विचारलं, तर त्यांनी हृदयाच्या दवाखान्याचं नाव घेतलं. जमशेदनं कात्री खाली ठेवली आणि भाऊंना घरी सोडायला कोणी आहे का, ते बघू लागला.

चतुराई संपली की माणसाला खरं बोलावं लागतं. घरी येऊन गोविंदरावांनी लेकीला सगळं सांगितलं.

"किती जनं?" तिनं विचारलं.

गोविंदरावांनी बोटं मोजायला घेतली. मग थांबून विचारलं, की बाबूसिंगची बायको वेगळी धरायची का. पौर्णिमानं पदरात तोंड लपवावं तसं ओढणीत लपवलं. ती रडतेय असं वाटून गोविंदरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती हसत होती. पट्टा बिघडलेलाच नव्हता. आजवर तिची यंत्रं माणसांनी बिघडवली होती. हे पहिलंच, जे बरोबर होतं आणि माणूसच चुकीचा होता.

पण हसू टिकलं नाही. कोणाचं तरी हृदय काल खरंच थांबलं होतं. तिनं जमशेदला बोलावलं. मागोमाग अमीनाबी आली. तिला एवढंच कळलं होतं की नवऱ्याच्या काळजात काहीतरी आहे, त्यामुळे ती रडत होती आणि रडता रडताच त्याच्या तंबाखूचा उद्धार करत होती. जमशेदनं सगळं ऐकून घेतलं.

"पन मी बांधलाच कवा?" तो म्हणाला. "आलतो मी. भाभीनं देल्लाच नाई."

सगळ्यांनी गोविंदरावांच्या बायकोकडे, भागिरथाबाईंकडे पाहिलं. त्या दारात तूर निवडत बसल्या होत्या. सुपातली नजर न काढता म्हणाल्या, "कायले देऊ? पोरगी डोळे फोडून वस्तू बनवते, आन हे खुट्टीले टांगून घोरून राह्यले. म्या बांधला यायच्याच छातीले."

"मले कसं नाई समजलं?"

"झोपेत तुमाले पोत्यासारखं उलटंपालटं केलं तरी समजत नाई. अंघोळीले उठवाच्या आधी काढून घेतला."

अमीनाबीचं रडणं थांबलं. जमशेदनं नकळत स्वतःच्या छातीवरून हात फिरवला. गोविंदराव हळूहळू हिशेब जुळवू लागले.

"मंग ते तरन्या मानसासारखे ठोके?"

"अमीनाचाचीचे," पौर्णिमा म्हणाली.

"आन ते पैलवानासारखं?"

"बाबूसिंगकाकाचं."

"मंग माह्यं कोनतं?"

पौर्णिमानं वडिलांचा हात हातात घेतला. "थांबलेलं," ती म्हणाली. "चला, पायजमा असू द्या तसाच."

अकोल्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि दोन दिवसांत गोविंदरावांच्या छातीत पेसमेकर बसला. आणखी थोडे दिवस गेले असते तर झोपेतून उठवण्याचा प्रश्नच आला नसता, असंही डॉक्टर म्हणाले. भागिरथाबाईंनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच पौर्णिमाच्या नोकरीबद्दल "बरी हाय" असं म्हणाल्या.

पौर्णिमानं मागे घेतलेला पट्टा पुन्हा समितीपुढे ठेवला आणि काही लपवलं नाही. पट्टा मंजूर झाला, फक्त त्याला एक बारीक कुलूप बसवा, अशी सूचना आली. मग तिचा शोधनिबंध छापून आला. बरे होऊन घरी आलेल्या गोविंदरावांनी तो उत्सुकतेनं मागून घेतला. पट्ट्यानं ज्याचा जीव वाचवला असा साऱ्या चाचणीत एकच माणूस, आणि तो आपण, तेव्हा आपल्याबद्दल पानभर तरी असणार, असा त्यांचा अंदाज. पौर्णिमानं शोधून एक ओळ दाखवली आणि मराठीत सांगितली: एका सहभागीनं नियम न पाळल्यामुळे त्याच्या नोंदी विचारात घेतलेल्या नाहीत.

"नाव नाई टाकलं?"

"नाव टाकता येत नाई, बाबा. गुप्त ठेवा लागते."

गोविंदरावांना हे काही पटलं नाही. तेव्हापासून ते तो कागद वरच्या खिशात ठेवतात आणि ओट्यावर येईल त्याला ती ओळ दाखवून सांगतात, की हा नियम न पाळणारा म्हणजे मीच. लोकांचा विश्वास बसणार नाही, अशी त्यांना भीती होती. अजून तरी कोणी पुरावा मागितलेला नाही.