घर घेणाऱ्यांचा माणूस

यांच्या गुडघ्यांनी जिना नाकारला, तेव्हा आमच्या कुटुंबात तळमजल्यावर घर घेण्याचा निर्णय रीतसर झाला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. यांची इच्छा साधी होती: उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की जमीन लागावी. माझी त्याहून साधी: स्वयंपाकघराला सकाळचं ऊन येणारी खिडकी असावी.

आमच्या वेळी घर घेणं सोपं होतं. माझे सासरे घर बघायला गेले. त्यांनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं, नळ सोडून पाहिला, मालकांकडे पाणी मागितलं आणि ते पिता पिता व्यवहार ठरला. छत कुठे गळतं तेही मालकीणबाईंनीच दाखवलं. हे मुलाला सांगितलं, तर त्याने कपाळाला हात लावला.

"आई, ते दिवस गेले. विकणाऱ्याचा एजंट विकणाऱ्याचं बघतो. आपलं बघायला आपला माणूस नको?"

"तू आहेस की."

"मला कुठे वेळ आहे?"

तेव्हा फक्त घेणाऱ्याची बाजू सांभाळणारा एजंट निवडायचं ठरलं. तिघे भेटून गेले. पहिल्याने विचारलं, "काकू, तुम्हाला नक्की काय हवंय?" ज्याला हेही माहीत नाही त्याचा उपयोग काय, असं मुलाचं मत पडलं. दुसरी म्हणाली, "एक घर आहे, पण तिथे मी विकणाऱ्यांचीही एजंट आहे. आधीच सांगते." जिला साधं लपवता येत नाही ती आपल्यासाठी काय भांडणार, असं सूनबाईंचं. तिसऱ्याने काहीच विचारलं नाही. यांच्या गुडघ्यांकडे पाहून त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "आजपासून हे गुडघे माझे." तो एकमताने निवडून आला. घरात सगळे त्याला 'आपला माणूस' म्हणू लागले.

पहिलं घर बघायला मी त्याच्याबरोबर गेले. दार उघडताच माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, किती छान ऊन!" त्याचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर म्हणाला, "काकू, घर आवडलं हे मालकाला कळलं की सौदा गेलाच म्हणून समजा. घेणाऱ्याने खूश व्हायचं नसतं. ते काम माझं."

"मग मी काय करायचं?"

"घरी बसायचं आणि विश्वास ठेवायचा."

त्यानंतर फोनवर निरोप येऊ लागले. 'आपल्या वतीने सदर घराची पाहणी करण्यात आली. आपल्या वतीने ते नापसंत करण्यात आले. कळावे.' एकदा तर एक जिना त्याने यांच्या वतीने चढून पाहिला आणि यांच्याच वतीने गुडघ्याला पट्टा बांधून विश्रांती घेतली. सूनबाई भारावल्या. "सख्खा मुलगाही एवढं करत नाही," त्या म्हणाल्या. "खरंय," मुलगा म्हणाला.

अखेर तळमजला मिळाला, खिडकीसकट. आमची गरज मालकाच्या कानावर जाऊ नये म्हणून आपल्या माणसाने घर स्वतःच्या नावावर घेतलं. पैसे आमचे, नाव त्याचं. व्यवस्था तात्पुरती. मग राहून पाहिल्याशिवाय आमच्या हिताची हमी देता येईना, म्हणून तो तिथे राहायला गेला. एकट्याने अख्ख्या कुटुंबाचं प्रतिनिधित्व होईना, म्हणून बायकामुलं आली. माझ्या वतीने त्याची आई आली. निरोप मात्र नेमाने येत राहिले. 'आज खिडकीत ऊन उत्तम होते. आपणांस आवडले.'

एका सकाळी आम्ही दोघं निघालो. कठडा धरत, प्रत्येक मजल्यावर बसत हे खाली उतरले. तिथे पोचलो, तर त्याची आई त्याच खिडकीत मटार सोलत होती.

"तुमच्यासाठी बसते हो रोज," ती म्हणाली. "पाठ भाजते, पण मुलाने शब्द दिलाय ना!"

यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून पाहिलं. खरंच जमीन लागली. तेवढ्यात आतून आपला माणूस आला. यांनी त्याला विचारलं, "आम्ही कधी यायचं राहायला?"

"काका, घाई विकणाऱ्याच्या पथ्यावर पडते."

"अहो, पण विकणारा विकून गेला की!"

"आता विकणारा मीच," आपला माणूस आवाज खाली आणून म्हणाला. "म्हणून तर सावध करतोय. माझ्यासारख्याशी व्यवहार करताना तुम्हाला तुमचा माणूस लागेल."

घरी येऊन हे सांगितलं, तर मुलाच्या मनातला त्याच्याविषयीचा आदर आणखी वाढला. इतकं स्पष्ट कोण बोलतं हल्ली!

पुन्हा निवड करायची वेळ आली. या खेपेला मी अडून बसले. "त्या पहिल्याला बोलवा. त्याने निदान विचारलं तरी होतं."

"आई, नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करणार," मुलगा म्हणाला. "याचं निदान पोट तरी भरलंय."

"आणि घराची खडान्‌खडा माहिती याच्याइतकी कुणाला?" सूनबाई म्हणाल्या.

यांनी गुडघे चोळत हात वर केला. सगळ्यांचेच वर गेले, म्हणून मीही केला.

हसताय? हसा. मागच्या मतदानाला रांगेत माझ्या पुढे तुम्हीच तर उभे होतात.