टिटवीबाई आणि चिपची मागची खिडकी

एका जंगलात, बाळांनो, अंडी फार चोरीला जायची. म्हणून सिंहमहाराजांनी फर्मान काढलं. सगळ्यांनी आपापली अंडी सरकारी कोठारात ठेवायची. दाराला साधं कुलूप नको, चिप लावायची. चिप म्हणजे काय, ते महाराजांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा तुम्ही लाजू नका.

चिपचा आराखडा मोरसाहेबांनी काढला. फारच देखणा! चारी कडांना नक्षी. पूजेसाठी तो पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं.

तेवढ्यात टिटवीबाई वाकून बघायला लागल्या. त्यांची चार अंडी त्या कोठारात जाणार होती, मग बघणारच की.

"मोरसाहेब, ही मागे खिडकी कसली?"

"कारागिरांसाठी. चिप आतून तपासावी लागते."

"आणि नंतर ती बंद कोण करणार?"

"करू की सावकाश."

"आत्ताच करा. कागदावर आहे तोवर खोडरबराचं काम. एकदा भट्टीत भाजली की ब्रह्मदेवालाही खोडता यायची नाही!"

सगळे दचकले. टिटवी ओरडली की अशुभ, हे जंगलातल्या पिल्लापिल्लाला माहीत. आणि ही बाई ऐन पूजेत ओरडली!

"शुभ बोला हो, शुभ!" मोरसाहेब कडाडले. घाईघाईने नारळ वाढवला आणि चिप भट्टीत गेली.

टिटवीबाईंनी अंडी माळावरच ठेवली. कोठारात चार खडे नेऊन दिले. टिटवीची अंडी खड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे कारकुनाने मुकाट्याने पावती फाडली.

तिसऱ्या दिवशी, भरदुपारी, घोरपड कोठाराच्या मागे गेली.

"कोण?" चिपने विचारलं.

"कारागीर."

"या, या. बसा."

घोरपड बसली. पोटभर जेवली. चार खडे तेवढे थुंकून टाकले.

जंगलात रडारड झाली. लांडोरबाईंनी तर मोरसाहेबांशी बोलणंच टाकलं. चौकशी बसली.

महाराज गरजले, "फक्त टिटवीची अंडी वाचली. म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं!"

"महाराज, मी आधीच सांगितलंही होतं."

"बघा! कबूलसुद्धा करते!"

टिटवीबाईंना अंड्यांसकट हद्दपार केलं. मला अजून त्यांचं वाईट वाटतं. घोरपडीला मात्र सुरक्षा सल्लागार नेमलं, अनुभव होता ना! तिने चाळीस पानी अहवाल दिला: मागची खिडकी बंद करावी. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मोरसाहेब लगेच नव्या आराखड्याला लागले. या खेपेला खिडकीला पडदा आहे.

तात्पर्य: चूक कागदावर असतानाच दिसली तर, बाळांनो, तोंड मिटून बसा. ती नीट भाजली जाऊ द्या, दारादाराला बसू द्या, चांगलं नुकसान होऊ द्या. मग सांगा. लोक तुम्हाला शाल घालतील.